बिअरमध्ये लोकांना पपनस आणि लवंग लागते, मला फक्त कडू का लागतं?

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात राहतात आणि मित्रांबरोबर अधूनमधून टॅपरूममध्ये (जिथे ताजी बिअर थेट नळातून ग्लासात मिळते) जातात. तिथल्या मेनूवर एका बिअरपुढे 'ग्रेपफ्रूट, पाइन' लिहिलेलं असतं, दुसरीपुढे 'केळं, लवंग', तिसरीपुढे 'बिस्किट, कॅरमल'. यांना मात्र कडू आणि कमी कडू एवढंच कळतं. आपल्या जिभेतच खोट आहे का आणि हे शिकता येतं का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय एक तक्रारही आहे. एका ठिकाणी आयपीए या कडवट, सुवासिक बिअरला लोण्यासारखा वास आला. विचारलं, तर वाढणारा म्हणाला, "ही अशीच असते सर." खरंच अशी असते का?

मी पुण्याच्या परिसरात बिअर बनवतो. टाकीतून ग्लासभर काढून चाखणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. लोण्याचं शेवटी सांगतो, कारण ते कळायला आधीचं थोडं लागेल.

जिभेत खोट नाही. जीभ मुळात मोजक्याच गोष्टी सांगते: गोड, आंबट, खारट, कडू, आणि मटणाच्या अळणीत जी भरीव चव असते ती, म्हणजे उमामी. पपनस, केळं, लवंग, बिस्किट हे सगळं नाकाचं खातं. घोट गिळला की त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो आणि मेंदू त्यालाही चवच समजतो. सर्दीत आमटी आणि वरण सारखंच लागतं ते यामुळे. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, गिळा आणि मग नाक सोडा. सोडल्यावर जे एकदम उमलतं, त्याच्यासाठीच मेनूवर ते शब्द लिहिलेले असतात. (जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू, हा शाळेतला नकाशा विसरून जा. कडू सगळ्या जिभेला कळतं.)

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे मी दोन भाग करतो. वास तुमच्या नाकापर्यंत पोचतोय का? आणि पोचत असेल तर त्याची ओळख पटतेय का?

पहिल्या भागात बहुतेक वेळा आडवी येते ती थंडी. बिअर जेवढी थंड तेवढी चांगली असं आपल्याकडे मानतात, आणि मे महिन्यातल्या दुपारी मीही त्यावर वाद घालणार नाही. पण २-३ अंशांवरच्या बिअरमधून वास फारसा उठत नाही. गोडी दबते, कडूपणा आणि गॅसचा चावा तेवढा उरतो. तुमची 'फक्त कडू' ही तक्रार निम्मी इथेच मिटेल. लागर आणि पिल्सनर ५ ते ७ अंशांवर छान लागतात, आयपीए आणि हेफेवाइझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) ८ ते १० वर, काळी स्टाउट त्याहून थोडी गरम. थर्मामीटर नको. ग्लास आला की दहा मिनिटं तसाच राहू द्या, नाहीतर दोन्ही तळव्यांत धरा. गोठवलेला ग्लास आणला तर साधा मागून घ्या. ग्लास काठोकाठ भरलेला नसावा, कारण वास साठायला वर जागा लागते. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास तेलकट आहे, तोही बदलून मागा.

हुंगताना एक लांबलचक श्वास ओढू नका, दोन-तीन छोटे घ्या. नाक फार लवकर सरावतं, त्यामुळे पहिल्या हुंगण्यात जे येतं त्याला किंमत जास्त. सरावलंच तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या आणि परत ग्लासकडे या. मग घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. वाइन चाखणारे थुंकतात, आम्ही बिअरवाले गिळतो. गिळल्यानंतर मागे काय राहतं ते पाहिल्याशिवाय बिअर चाखून झाली असं मी मानत नाही. मसाला पापड आणि शेजवान काहीतरी नंतर मागवा. तिखटाने बधिर झालेल्या तोंडाला मेनूवरचं काहीही सापडणार नाही.

आता दुसरा भाग, ओळख पटण्याचा. इथे बहुतेक लोक हरतात आणि दोष जिभेला देतात. अगदी रोजचा वाससुद्धा न बघता नाव घेऊन सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. घरी करून बघा. डोळे मिटून बसा आणि मिसळणाच्या डब्यातलं, खड्या मसाल्यातलं एकेक कुणालातरी नाकाखाली धरायला सांगा. हिंग ओळखाल, लवंग ओळखाल. जायफळ आणि जायपत्रीत अडखळाल, धणे आले तर 'अरे, हे काय बरं' म्हणत बसाल. वास ओळखीचा असतो, नाव येत नाही. हा सराव आठवडाभर रोज पाच मिनिटं केलात तर टॅपरूममध्ये जो फरक पडेल, तो चार पुस्तकं वाचून पडणार नाही.

दुसरं म्हणजे मेनूवरचे शब्द दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांतून आलेले आहेत. मॉर्टेन माइलगार्ड या डॅनिश रसायनतज्ज्ञाने १९७०च्या दशकात बिअरच्या स्वादांचा एक चक्राकार तक्ता तयार केला. वेगवेगळ्या देशांतल्या ब्रुअरांनी एकाच वासाला एकच नाव द्यावं, हा त्याचा हेतू. प्रयोगशाळेत हे हवंच. पण पाइनचं जंगल आपल्यापैकी किती जणांनी हुंगलंय? हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात राहिली की बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्स नावाच्या फुलांतल्या घटकांवर उजेडाचा परिणाम होऊन एक उग्र वास येतो. इंग्रजी पुस्तकं त्याला स्कंक नावाच्या प्राण्याचा वास म्हणतात, आणि तो प्राणी आपल्याकडे नाहीच. तोच पदार्थ गांजाच्या वासातही असतो. हे मेनूवर कुणी लिहिणार नाही, पण ओळखायला पुष्कळांना सोपं जाईल.

मी चाखताना नावांच्या मागे लागत नाही. आधी विचारतो, हा वास आणला कुणी: माल्टने, हॉप्सने की यीस्टने? हे ठरलं की शोधायची जागा लहान होते.

माल्टचं पटकन सांगतो, कारण ते आपल्याला येतंच. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो, तसंच बार्लीचं माल्ट. ते किती भाजलं यावर वास ठरतो. हलकं भाजलेलं असेल तर ताजा पाव, ग्लुकोज बिस्किट. थोडं पुढे गेलं की भाकरीचा खरपूस पापुद्रा, शिऱ्यासाठी भाजत आलेला रवा. कॅरमल माल्ट असेल तर गूळ, काकवी, खजूर, काळ्या मनुका. आणि पार काळं भाजलेलं असेल तर कॉफी, कडू चॉकलेट, करपलेली भाकरी. स्टाउटमध्ये कॉफी लागते तेव्हा बहुतेक वेळा कॉफी घातलेली नसते, ती या भाजण्यातून आलेली असते.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. आपल्याकडे ती बहुतेक बाहेरूनच येतात, आणि शहरी लोकांना कोडं पडतं ते यांचंच. अमेरिकेत १९७२ मध्ये कॅस्केड नावाची जात लागवडीसाठी आली आणि तिच्या वासावर पुढची सगळी क्राफ्ट बिअर वाढली, असं म्हटलं तरी चालेल. ग्रेपफ्रूट म्हणतात ते तिचं. आपण ग्रेपफ्रूट खात नाही, पण गणपतीच्या दिवसांत मंडईत पपनस येतं. त्याची साल नखाने खरवडून हुंगा आणि मग अमेरिकन पेल एल ही बिअर प्या, कोडं सुटेल. पाइनऐवजी राळ आठवा, रंगवाल्याचं टर्पेंटाइन आठवा, किंवा कैरीचा देठ मोडल्यावर उडणारा चीक. ही शेवटची आठवण नुसती कल्पना नाही. मिरसीन नावाचं तेल हॉप्समध्ये भरपूर असतं आणि आंब्याच्या चिकातही असतं. तसंच धण्यांचं. धण्यांच्या वासाचा मुख्य घटक लिनालूल, तो हॉप्समध्येही सापडतो आणि तिथे फुलांसारखा लागतो. सिट्रा, मोझॅइक या नव्या जातींत पिकलेला आंबा, पेरू, लिची असं काहीतरी येतं. मोझॅइकमध्ये कधीकधी कांद्याची पातही येते, आणि ती आवडणारे लोक मला अजून भेटायचे आहेत. जर्मनी आणि चेक प्रदेशातल्या जुन्या जाती शांत असतात. त्यांत सुकं गवत, फुलं, किंचित मिरी. पिल्सनर चाखताना आंबा शोधत बसलात तर निराशच व्हाल.

यीस्टचं काम लोकांना सगळ्यात खोटं वाटतं. हेफेवाइझनमध्ये केळं लागतं तेव्हा 'इसेन्स घालता का' असं मला हमखास विचारलं जातं. काहीच घालत नाही. यीस्ट साखर खाताना आयसोअमाइल ॲसिटेट बनवतं, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातला मुख्य पदार्थही तोच. लवंगेसारखा वास आणणारा पदार्थ वेगळा, पण तोही यीस्टचाच. माझा अनुभव असा की टाकी १७-१८ अंशांवर ठेवली तर लवंग पुढे येते आणि २२ च्या आसपास गेली की केळं. म्हणून एकाच टॅपरूमची तीच बिअर दोन महिन्यांनी वेगळी लागू शकते. तुमचं काही चुकलेलं नसतं. याउलट बेल्जियन विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. ही शैली जवळजवळ नाहीशी झाली होती. १९६०च्या दशकात पिएर सेलिस यांनी हूगार्डन गावात ती पुन्हा सुरू केली. दोन्ही बिअर गढूळ, दोन्ही गव्हाच्या, त्यामुळे लोक गल्लत करतात. शेजारी-शेजारी मागवा. केळं आलं तर जर्मन, धणे आले तर बेल्जियन, एवढ्यावर तुमचा पहिला धडा पुरा.

आता तुमच्या 'कडू'कडे येतो. या एका शब्दात तुम्ही निदान चार गोष्टी कोंबताय. मेथीचा कडूपणा हळू येतो आणि रेंगाळतो, कारल्याचा लगेच येतो आणि जातो. बिअरमध्येही असे दोन्ही असतात, म्हणून घोट गिळल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि काय उरलंय ते बघा. मग भाजण्याचा कडूपणा, दुधाशिवायच्या कॉफीसारखा. तो हॉप्सचा नसतो. आणि पुष्कळदा लोक ज्याला कडू म्हणतात तो कडू नसतोच, तुरट असतो. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते, तसं झालं तर तुरट लिहा. आमच्या दृष्टीने हा फरक मोठा. कडू आम्ही मुद्दाम आणतो. तुरटपणा बऱ्याचदा माल्टच्या टरफलांतून येतो, पाणी जास्त गरम झालं किंवा धान्य जास्त धुतलं गेलं की. मेनूवर कडूपणाचा जो आकडा असतो, आयबीयू, त्याच्यावर फार विसंबू नका. ४० आयबीयूची दाट, गोडसर स्टाउट ४० आयबीयूच्या सडसडीत पेल एलपेक्षा कमी कडू लागते. आकडा कडू घटक मोजतो, त्यांच्यासमोर उभी असलेली गोडी मोजत नाही.

मेनू आधी वाचू नका, हे मी आग्रहाने सांगेन. वाचलेलं नाकात जातं. रंगही फसवतो. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी व्हाइट वाइनला वास नसलेला लाल रंग देऊन वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनचे शब्द वापरून केलं. शिकलेल्यांची ही गत. बिअरमध्ये काळी लागर याच कारणाने लोकांना 'जड' वाटते, प्रत्यक्षात ती अंगाने हलकी असते. मित्र बरोबर असतातच, तर हा खेळ करा: तीन छोटे ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. कोणता वेगळा ते डोळे मिटून सांगायचं. आम्ही कामावर हेच करतो. यात नाव आठवायची गरज नाही, फक्त फरक कळायला हवा. आणि फरक कळायला लागला की शब्द मागून येतात. एका बसण्यात तीन-चार बिअर पुरेत, तेही छोट्या मापात, हलकीकडून तेज बिअरकडे. त्यापुढचं चाखणं राहत नाही, ते पिणं होतं. (गाडी घरी ठेवून जा, हे सांगायला नको.)

लिहून ठेवायचं असेल तर विशेषणं टाळा. 'मस्त, स्मूद, रिफ्रेशिंग' हे तुम्हाला महिन्याभराने काहीच सांगणार नाही. माझ्या वहीतली नोंद साधारण अशी असते: 'वास: पपनसाची साल, मागे राळ. चव: सुरुवातीला बिस्किट, मग कडू, मेथीसारखा, बराच वेळ. अंग पातळ, गॅस जास्त. शेवट थोडा तुरट. परत घेईन, पण जेवणाबरोबर नाही.' बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यात चवीला २० आणि वासाला १२ गुण असतात, दिसण्याला फक्त ३. फेसाचे फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

यात परिस्थितीवर अवलंबून असणारं बरंच आहे. कडू कमी-जास्त जाणवणं काही अंशी जन्मजात असतं. सिगारेट, सर्दी, शेजारच्या टेबलावरचं अत्तर, सगळ्याचा परिणाम होतो. आणि आयपीएचा वास फार लवकर उडतो. टाकीत शिळी होत चाललेली आयपीए तुमच्यापुढे आली तर पपनस तुम्हाला लागणार नाही, मलाही लागणार नाही. आधी बरी असलेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर तिला हवा लागली आहे.

आता लोणी. मराठी घरात वाढलेल्याला हा दोष ओळखणं सगळ्यात सोपं. साय विरजून काढलेल्या लोण्यात जो वास असतो, तो डायॲसिटिलचा. थिएटरच्या पॉपकॉर्नवरही तोच. बिअर आंबत असताना तो तयार होतोच. पण शेवटी यीस्ट तो स्वतःच परत खाऊन टाकतं, त्याला दोन-तीन दिवस आणि थोडी ऊब दिली तर. घाईने टाकी थंड केली की लोणी तसंच राहतं. आयपीएत आणखी एक भानगड आहे. आंबवणं संपल्यावर वासासाठी जे हॉप्स टाकतात, त्यांतली एन्झाइम्स उरलेल्या पिष्टाची साखर करतात. यीस्ट पुन्हा जागं होतं आणि लोणी पुन्हा बनतं. म्हणून टाकी थंड करण्याआधी आम्ही एक झाकलेला नमुना ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा तास ठेवतो, गार करतो आणि हुंगतो. लोणी आलं तर बिअर अजून तयार नाही.

चेक लागरमध्ये आणि काही इंग्लिश एलमध्ये याची किंचित झाक चालते, काहींना ती आवडतेही. आयपीएत नाही चालत. तुमचा वाढणारा चुकीचं बोलला, बहुधा त्याला कुणी शिकवलेलं नसेल. पुढच्या वेळी असं झालं तर आणखी एक गोष्ट तपासा: दुसऱ्या टॅपची घोटभर बिअर मागा. तिलाही लोण्याचा आणि जोडीला आंबट वास असेल तर टॅपच्या नळ्या धुतलेल्या नाहीत, तिथे त्या दिवशी बाटलीबंद काहीतरी घ्या. फक्त त्या एकाच बिअरला असेल तर दोष टाकीतला आहे. "आवडली नाही" म्हणू नका, त्यावर "सर, अशीच असते" हेच उत्तर येणार. "लोण्याचा वास येतोय, ब्रुअरला एकदा हुंगायला सांगाल का?" असं म्हणा. ज्या ठिकाणी कामाची चाड आहे तिथे ग्लास बदलून मिळतो, आणि बऱ्याचदा ब्रुअर स्वतः टेबलापाशी येतो.